‘लिहून घे’ येतं त्याला ‘राइट डाउन’ अवघड का जावं?

गेल्या पावसाळ्यात माझ्या संध्याकाळच्या वर्गातल्या एका मुलीला पुण्याच्या एका कंपनीतून मुलाखतीसाठी फोन आला. मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातली. आई बिड्या वळते, वडील यंत्रमागावर. शिक्षण मराठी माध्यमातून, दहावीला इंग्रजीत ८० च्या पुढे गुण, पुढं बी.कॉम. पलीकडच्या बाईंनी नाव, शिक्षण विचारलं, हिनं न अडखळता सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “प्लीज होल्ड ऑन, आय विल पुट यू थ्रू.” ‘होल्ड’ हिला माहीत होतं, ‘पुट’ माहीत होतं, ‘थ्रू’ तर त्याच्या विचित्र स्पेलिंगसकट पाठ होतं. पण सगळे मिळून काय म्हणतात ते कळेना. फोनमध्ये संगीत वाजायला लागलं. बोलणं संपलं असं समजून तिनं फोन ठेवून दिला.

“बाई, सगळे शब्द येत होते मला,” एवढंच ती दोनदा म्हणाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सव्वीस वर्षं मी इंग्रजी शिकवते आहे, आणि हे शब्द माझ्यासारख्या बाईंनीच तिला शिकवलेले होते. एकेकटे, सुटे सुटे, वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी आणि उजव्या बाजूला मराठी. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. पण ‘पुट ऑन’ म्हणजे अंगात घालणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढं ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसून घेणे, आणि ‘पुट थ्रू’ म्हणजे फोन दुसऱ्याला जोडून देणे. यातल्या एकाही ठिकाणी ‘ठेवणे’ लावून चालत नाही. या जोडक्रियापदांना इंग्रजीत फ्रेजल व्हर्ब म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती धड्याखालच्या स्वाध्यायात, ‘जोड्या लावा’मध्ये भेटतात आणि तिथंच राहतात. बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीचा मात्र निम्मा जीव त्यांच्यातच असतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या पहिल्या तुकडीतली मुलं आता तिशी ओलांडून गेली. पाव शतक आपण इंग्रजी शिकवतो आहोत, आणि तरी सोलापूरचं पोर हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्यात उतरलं की पहिल्याच फोनला बावरतं. याचा दोष मी मुलांना देणार नाही. ‘घरी वातावरण नाही’ या आपल्या आवडत्या वाक्यालाही देणार नाही. चूक शिकवण्याच्या क्रमात आहे, आणि त्याहून मोठी चूक अशी, की या कुलपाची किल्ली मुलाच्या स्वतःच्या भाषेत असताना आपण ती भाषा चपलांबरोबर वर्गाबाहेर काढून ठेवायला सांगतो.

क्रमाचं आधी सांगते. सेमी-इंग्रजीच्या मुलाला ‘इव्हॅपोरेट’ येतं, ‘ड्राय अप’ येत नाही. ‘एक्स्टिंग्विश’ येतं, ‘पुट आउट’ येत नाही. ‘पोस्टपोन’ येतं, ‘पुट ऑफ’ला तो थांबतो. इंग्रज पोराचं नेमकं उलट असतं. ते चड्डी घालायला शिकतं तेव्हा ‘पुट ऑन’ शिकतं, आणि ‘इव्हॅपोरेट’ त्याला शाळेत भेटतं. ‘पोस्टपोन’ लॅटिनमधून आलेला आहे. त्याचे तुकडे पाडले तर ‘नंतर’ आणि ‘ठेवणे’ असेच दोन निघतात. म्हणजे लॅटिननं जे एका शब्दात गोठवलं, तेच इंग्रजीनं आपल्या घरच्या दोन शब्दांत मोकळं ठेवलं. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच आणि लॅटिन बसली. भारदस्त शब्द तिकडून आले, आणि चुलीजवळची, शेतातली भाषा ‘गेट अप, सिट डाउन, कम इन’ करत राहिली. आपण दरबारी इंग्रजी आधी शिकवतो आणि चुलीजवळची शिकवतच नाही. कुणी परदेशी माणसाला मराठी शिकवताना ‘प्रलंबित’, ‘स्थगित’, ‘बाष्पीभवन’ आधी शिकवलं आणि ‘राहून गेलं’, ‘पुढं ढकललं’, ‘वाळून गेलं’ शिकवलंच नाही, तर लक्ष्मी मार्केटात तो मेथीची जुडीसुद्धा घेऊ शकणार नाही.

ही जोडक्रियापदं परक्याला अवघड जातात हे खुद्द इंग्रजांनाही ठाऊक होतं. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे, की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची जी सवय आहे, तिचाच परदेशी लोकांना सर्वांत जास्त त्रास होतो. पण जॉन्सन यांच्यासमोर जे परदेशी होते त्यांत मराठी माणूस नव्हता. मराठी माणसाला ही सवय परकी नाही.

‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, नाद लागतो, निकाल लागतो, डोळा लागतो, गाडी लागते, पोर मार्गी लागतं, चोर हाती लागतो, आणि एखादा मागे लागतो तो सोडत नाही. या सगळ्यांत ‘लागणे’चा एकच अर्थ शोधून दाखवा. मोल्सवर्थ यांनी मराठी-इंग्रजी शब्दकोश केला, त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची. त्यात ‘लागणे’च्या नोंदीखाली अर्थांची रांगच लागली आहे. ‘पुट’ आणि ‘गेट’ बघून आपल्या पोराची जी गत होते, तीच त्या इंग्रज माणसाची ‘लागणे’ बघून झाली असणार. आणि आपल्या सोलापूरच्या बोलीत तर हे क्रियापद आणखी पुढं गेलंय. “काय करायलालास बे?” यातला ‘लालास’ माझ्या कानाला ‘लागलास’चाच झिजलेला तुकडा वाटतो. क्रियापदाच्या शेपटीला दुसरं क्रियापद जोडून त्याचा रंग बदलणं, हे इथल्या पोराच्या जिभेवर चालायला शिकण्याच्या आधीपासून आहे.

‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत फरक काय? घास तोच, ताट तेच. पण दुसऱ्यात ‘संपव, शिल्लक ठेवू नको’ असं आहे. इंग्रजीत ‘ईट’ आणि ‘ईट अप’ यांत अगदी तेवढाच फरक आहे. ‘लिही’ आणि ‘लिहून घे’ यांत? दुसऱ्यात कुणीतरी सांगतंय आणि ते आपल्याजवळ राहावं म्हणून आपण लिहितोय. ‘राइट’ आणि ‘राइट डाउन’ यांतही तेच. ‘दे’ आणि ‘देऊन टाक’ म्हणजे ‘गिव्ह’ आणि ‘गिव्ह अवे’. ‘बोल’ आणि ‘बोलत राहा’ म्हणजे ‘टॉक’ आणि ‘टॉक ऑन’. नुसतं ‘जा’ आणि ‘निघून जा’ यांत जो तुटण्याचा भाव आहे, तो ‘गो’ आणि ‘गो अवे’ यांच्यात आहे.

सोलापुरात तर हे तिप्पट सोपं व्हायला हवं. माझ्या वर्गात अर्धी पोरं घरी तेलुगू बोलतात. पद्मशाली विणकरांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या इथं आहे. काही अक्कलकोटकडची, कानडी बोलणारी. काही घरांत दखनी. एके दिवशी मी फळ्यावर ‘खाऊन टाक’ लिहिलं आणि विचारलं, तुमची आई घरी काय म्हणते? तेलुगू पोरं म्हणाली, ‘तिनेय्’. कानडी पोरं म्हणाली, ‘तिंदुबिडु’. दखनी बोलणारा एकजण म्हणाला, ‘खा डाल’. मग आम्ही एकेक शब्द सोडवत बसलो. तेलुगूतला तो शेपटाचा तुकडा ‘वेयु’चा, म्हणजे टाकणे. कानडीतलं ‘बिडु’ म्हणजे सोडणे. दखनीतलं ‘डाल’ म्हणजे टाकणे. चार घरांतल्या चार आया एकच गोष्ट चार शेपट्या लावून सांगतात. मग ‘लिहून घे’ विचारलं. तेलुगूत ‘रासुको’, कानडीत ‘बरेदुको’. दोन्हीकडच्या ‘को’च्या मुळाशी ‘घेणे’च. त्यानंतर मी फळ्यावर ‘राइट डाउन’ लिहिलं, तर त्याचा अर्थ कुणी विचारलाच नाही. सव्वीस वर्षांत इतका शांत आणि इतका भरलेला तास मला फार थोड्या वेळा मिळाला आहे.

संस्कृत घेतलेल्या मुलांनाही हे नवं नाही. एका ‘हृ’ धातूला वेगवेगळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात, हे त्यांना शिकवलेलं असतं. तिथं छोटा शब्द पुढं लागतो, इंग्रजीत मागं लागतो. शिवाय मराठीत सरळसरळ दिशेचे शब्द घेऊन होणारे प्रयोग आहेतच. मागे पडणे, मागे घेणे, बाजूला ठेवणे, पार पाडणे. ‘फॉल बिहाइंड’, ‘टेक बॅक’, ‘सेट असाइड’, ‘कॅरी आउट’. पहिले तीन तर शब्दाला शब्द जुळतात. ‘उठून दिसणे’ आणि ‘स्टँड आउट’ शेजारी ठेवून बघा, एकात उठणं आहे, दुसऱ्यात उभं राहणं.

सगळंच जुळतं असं मी म्हणत नाही. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, त्यातल्या ‘अप’चा खुलासा करता करता मीच अडते. ‘मेक आउट’, ‘टर्न आउट’, ‘वर्क आउट’ यांचा ‘आउट’ दर वेळी वेगळा वागतो. काही जोड्या सरळ पाठच कराव्या लागतात. पण पाठ करायचं ओझं किती, याचाही अंदाज हवा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या दहा कोटी शब्दांच्या संग्रहावर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की २० क्रियापदं आणि त्यांना जोडले जाणारे ८ छोटे शब्द यांच्या आपसांतल्या जोड्यांनीच त्या संग्रहातल्या फ्रेजल व्हर्बच्या निम्म्याहून अधिक जागा भरल्या आहेत. गो, कम, टेक, गेट, पुट, टर्न असली, पहिली-दुसरीतच ओळख झालेली क्रियापदं त्यात आहेत. हजार शब्दांच्या याद्या छापणाऱ्या मार्गदर्शकांपेक्षा ही वीस नीट घोळवून घेणारा शिक्षक मुलाला जास्त देईल.

नीट न घोळवल्यानं काय होतं, ते फोनपुरतं राहत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल काढणारे माझ्या ओळखीचे एक कारखानदार आहेत. परदेशी गिऱ्हाइकाचा मेल आला, दुसरा लॉट ‘होल्ड ऑफ’ करा. यांनी ‘ऑफ’ वाचलं आणि ऑर्डर रद्द झाली असं धरून ते माग दुसऱ्या मालाला लावून टाकले. त्या माणसाला फक्त ‘थोडं थांबा’ म्हणायचं होतं. दहा दिवसांनी त्यानं माल मागितला तेव्हा मागावर भलताच ताणा चढलेला होता.

आणि एक गोष्ट आहे, ती सांगताना मला अजूनही जड जातं. आमच्या शेजारी सूतगिरणीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता. एका संध्याकाळी त्यानं फोनवर सांगितलं, “पप्पा, मला ले-ऑफ केलं.” काका शांतपणे म्हणाले, “मग काय झालं? हजेरीपटावर नाव आहे ना? निम्मा पगार घे आणि घरी ये, परत बोलावतील.” काकांचं चुकलं नव्हतं. आपल्याकडं १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली ‘ले-ऑफ’ची व्याख्या घातली गेली ती हीच. कोळसा, वीज, कच्चा माल नाही, यंत्र बिघडलं, म्हणून मालक काम देऊ शकत नाही, पण कामगाराचं नाव हजेरीपटावर आहे आणि त्याला कमी केलेलं नाही. ठरावीक अटींत बसणाऱ्या कामगाराला त्या दिवसांचं निम्मं वेतन. काकांनी गिरणीत असे ले-ऑफ काढलेले होते. मुलाच्या कंपनीचा ले-ऑफ अमेरिकन बोलण्यातला होता. नोकरी गेली, संपलं. दोन तुकड्यांच्या या शब्दावर बाप आणि लेक फोनच्या दोन टोकांना वेगवेगळ्या काळात उभे होते, आणि लेकाला बापाला पुन्हा, फोड करून सांगावं लागलं.

या शहरानं अशा छोट्या शब्दांचं वजन फार सोसलेलं आहे. १९४९ मध्ये इथली जुनी गिरणी बंद झाली, हजारो कामगार घरी बसले, आणि १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारनं वटहुकूम काढून गिरणीचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात निकाल लागला. कायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात. गिरणगावात ‘क्लोज डाउन’, ‘टेक ओव्हर’, ‘लॉकआउट’ हे शब्द पुस्तकातून आले नाहीत, गेटवरच्या नोटिशीतून आले. म्हणून ‘ही बोलीभाषेतली इंग्रजी, ती काय शिकवायची’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. माणसाची रोजीरोटी ज्या शब्दांत लिहिली जाते ती भाषा हलकी कशी?

माझे काही सहकारी म्हणतात, उत्तरपत्रिकेत ‘लुक इनटू’ लिहिलं तर परीक्षक गुण कापतो, ‘इन्व्हेस्टिगेट’च हवं. औपचारिक लेखनात लॅटिन वळणाचे शब्द जास्त शोभतात, हे खरं आहे. पण दोन्ही माहीत असणाऱ्यालाच कुठं काय शोभतं ते ठरवता येतं. ज्याला एकच येतं त्याच्यापुढं निवड कसली? दुसरा आक्षेप जास्त जुना आणि जास्त घट्ट आहे. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा, वर्गात मराठीचा शब्द नको. ज्या मुलाच्या घरी, गल्लीत, दुकानात इंग्रजी चोवीस तास वाजत असते, त्याच्यासाठी हे कदाचित ठीक असेल. कन्ना चौकातल्या मुलाच्या कानावर दिवसभर मागाची खटखट आणि तीन भाषा असतात, इंग्रजी आठवड्याचे काही तास. त्या तासांत त्याच्या तीन भाषा बंद करायच्या, म्हणजे त्याला रिकाम्या हातानं बसवायचं. मी वर्गभर मराठीत बोलत बसा म्हणत नाही. एका ‘खाऊन टाक’साठी दोन मिनिटं लागतात, उरलेला तास इंग्रजीलाच.

त्या उरलेल्या तासात करायचं पुष्कळ आहे. ‘टर्न ऑफ द फॅन’ म्हणता येतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही म्हणता येतं, पण सर्वनाम आलं की ‘टर्न इट ऑफ’च. ‘टर्न ऑफ इट’ होत नाही. हा नियम फळ्यावर लिहून येत नाही. पंख्याच्या बटणाजवळ उभं राहून तीस वेळा म्हटलं की जिभेत बसतो. तसाच आघात. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर पडतो, ‘लुक ॲट इट’मध्ये ‘ॲट’वर पडत नाही. ज्याचा कान हे ओळखतो त्याला जोडक्रियापद कुठलं आणि साधं शब्दयोगी अव्यय कुठलं हे आपोआप कळतं. बॅकअप, चेकअप, मेकअप, फॉलोअप हे शब्द तर रिक्षावाल्यापासून ब्युटी पार्लरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहेत. नाम असताना जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापद होताना दुसऱ्यावर, एवढं दाखवलं तरी मुलाला त्याच्याच तोंडातल्या शब्दातून नवं क्रियापद मिळतं.

‘कोप अप विथ’ म्हणणाऱ्या मुलाला हसू नये असंही मला वाटतं. इंग्रजीत तिथं ‘अप’ नाही, ‘कोप विथ’च आहे. पण ते ‘अप’ अडाणीपणातून आलेलं नाही. ‘कीप अप विथ’, ‘पुट अप विथ’ ऐकून मुलानं स्वतः नियम बांधलाय. त्याला चूक सांगावी, पण नियम बांधल्याचं कौतुक आधी करावं. ‘पास आउट’चं मात्र सांगायलाच हवं. आपल्याकडं ‘मी २०१९ ला पास आउट झालो’ सगळे म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या सर्वसाधारण माणसाला त्यातून ‘मी बेशुद्ध पडलो’ असं ऐकू येतं.

शिक्षण खात्याकडं मागायचं असेल तर मी दोन गोष्टी मागेन. दहावीच्या गुणपत्रिकेत वजन पडेल अशी खरी ऐकण्याची परीक्षा, जिथं मूल साधं दोन माणसांचं टेलिफोनवरचं बोलणं ऐकतं आणि काय ठरलं ते सांगतं. कारण जे परीक्षेत येत नाही ते आपल्या वर्गात शिकवलं जात नाही, हे आपण सगळे जाणतो. आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात मुलांच्या घरच्या भाषांना जागा. सोलापूरच्या शिक्षकाला तेलुगू-कानडीची चार क्रियापदं तरी माहीत असावीत, चंद्रपूरच्याला गोंडीची, नंदुरबारच्याला भिलीची.

ती मुलगी अजून वर्गाला येते. दुसऱ्या एका ठिकाणी तिनं अर्ज केलाय. परवा मी ‘होल्ड ऑन’ फळ्यावर लिहून तिलाच विचारलं. ती म्हणाली, “धरून राहा. फोन धरून राहा, बाई. आमच्यात पण असंच म्हणतात.” शेजारच्या पोरानं ‘पुट थ्रू’ला ‘जोडून देते’ सुचवलं, आणि ते सगळ्यांना पटलं. ‘मेक आउट’वर मात्र एकमत झालं नाही. कुणी ‘ओळखून काढणे’ म्हणालं, कुणी ‘उमगणे’. घंटा झाली तेव्हा तो शब्द तसाच फळ्यावर होता, आणि दोघीजणी कोश उघडून दारातच उभ्या राहिल्या होत्या.